घरच्या ताणातून सावरताना रानात बसायचं कसं? (वऱ्हाड आणि झाडीपट्टीसाठी नेमकी माहिती)

पांदणवाट

वाटणीचा वाद, घरातलं लांबलेलं आजारपण, सासू-सुनेची धुसफूस, पोरीचं मोडलेलं लग्न, बँकेची नोटीस. कारण कोणतंही असो, गावात सल्ला एकच मिळतो, "जा, वावरात चक्कर मारून ये." सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत वावर हेच भांडणाचं मूळ असतं. धुऱ्यावर (बांधावर) पाय ठेवला की सरकवलेला दगड दिसतो, विहीर दिसली की पाण्याची पाळी आठवते. माणूस तासभर फिरून घरी येतो तो दुप्पट तापून.

म्हणून हा धागा. जागा कोणती, वेळ कोणती, बसून नेमकं करायचं काय, काय चुकतं, धोके कोणते, कृतज्ञतेची वही वगैरे प्रकार कामाचा आहे का. घरचे किस्से इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे. वाचणाऱ्याला उद्या सकाळी उठून करता येईल असं लिहा.

सुरुवात करून देतो. पहिल्या महिन्यात तरी स्वतःच्या सातबाऱ्यातली जागा घेऊ नका. ई-क्लासची (सरकारी) पडीक, जुनी पांदण, नाल्याचा काठ, गावाबाहेरच्या मारुतीचा पार, यातलं काहीही चालेल. जिथं काही दुरुस्त करायचं, मोजायचं किंवा राखायचं डोक्यात येत नाही, ती जागा योग्य.

कहूकाठ

शंभर टक्के सहमत. आणखी दोन गोष्टी जागेबद्दल. घरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांत असावी, गाडी काढावी लागली की आठवडाभरात जाणं बंद पडतं. आणि पाठ टेकायला खोड किंवा दगड हवा. मागून कोणी येईल ही धास्ती असली की खांदे सैल सुटत नाहीत.

सावलीचा हिशेब मात्र ऋतूप्रमाणे करा, इथं बहुतेकांचं चुकतं. साग हिवाळ्यात पानं गाळायला लागतो आणि पावसापर्यंत उघडाच राहतो. मे महिन्यात सागवनात बसणं म्हणजे टिनाच्या छपराखाली बसणं. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तेव्हा बघायला देखणा, सावलीला निकामी. मोहाचंही तेच, फुलं गळून नवी पालवी येईपर्यंत त्याच्याखाली ऊनच. उन्हाळ्यासाठी चिंच, आंबा, जांभूळ किंवा वड धरा. कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये पालवतो, त्यानंतर त्याच्यासारखं झाड नाही. नाल्याकाठी कहू (अर्जुन) असेल तर भाग्यच समजा. खोड पांढरट, गुळगुळीत, पाठीला टोचत नाही आणि बुडाशी गारवा असतो.

बिब्याच्या झाडाखाली मात्र बसू नका, त्याच्या तेलानं कातडी भाजल्यासारखी उठते. हिवाळ्यात झुडपावर खाजकुयलीचा वेल आहे का तेही बघून घ्या. वाळलेल्या शेंगांवरची लव वाऱ्यानंही अंगावर येते. लागलीच तर खाजवू नका. आधी चिकटपट्टीनं किंवा ओल्या मातीचा लेप वाळवून लव उचलून काढा, मग धुवा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्यांना मालगुजारी तलावाची पाळ आहे. सकाळी पूर्वेच्या पाळीवर बसा म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि पाण्याची तिरीप डोळ्यात जात नाही. संध्याकाळी उलट.

रानहळद

बसून करायचं काय, ते लिहिते.

पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही आणि बहुतेक लोक तिथंच उठतात. याचं साधं कारण आहे. माणूस चालत आला की टिटवी ओरडते, सातभाई कलकलाट करत दुसऱ्या झुडपात जातात, बाकीचे पक्षी गप्प होतात. तुम्ही हलला नाहीत तर दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू सगळं परत सुरू होतं. आधी होला, मग वेडा राघू तारेवर येऊन बसतो, मग खाली पाचोळ्यात खुसफुस. हे परत सुरू होणं ऐकण्यासाठीच बसायचं असतं. त्यामुळे एकूण वेळ वीस मिनिटांपेक्षा कमी ठेवू नका.

आधी कान. सर्वात जवळचा आवाज कोणता, सर्वात लांबचा कोणता, एवढंच शोधायचं. जवळचा बहुधा माशीचा किंवा स्वतःच्या श्वासाचा निघतो, लांबचा ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर आला म्हणून वैतागायचं नाही, तोही आवाजच. मग डोळे. समोरची हातभर जमीन ठरवून घ्या आणि तिथं काय काय आहे ते बघा. उदाहरणार्थ मुंगळ्यांची वाट. ते गवताची काडी ओलांडून जातात की वळसा घालतात? ओझं घेऊन येणारे आणि रिकामे जाणारे समोरासमोर आले की क्षणभर डोकं लावून थांबतात, ते दिसतंय का? पाच मिनिटं यातच जातात. शेवटी श्वास. नाकानं चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, दहा वेळा. बाहेर सोडणं लांब ठेवायचं, त्यानं हृदयाचे ठोके मंदावतात. आकडे जमत नसतील तर फक्त सोडताना घाई करू नका.

मधे भांडण आठवणारच. भावाचं वाक्य, आपण द्यायला हवं होतं ते उत्तर, परत भावाचं वाक्य. या चक्राशी लढू नका. मनात फक्त नाव घ्या, "वाटणी आली", आणि परत लांबच्या आवाजाकडे जा. वीस मिनिटांत तीस वेळा असं करावं लागलं तरी ते बसणं वाया गेलं नाही. परत येण्याचाच तो सराव आहे.

किती, हे विचारणाऱ्यांसाठी: २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान चांगलं आढळलं. ती मिनिटं एकदम घेतली की तुकड्यांत, यानं फरक पडला नाही. पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हेही खरं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात वीस ते तीस मिनिटांत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सर्वात झपाट्यानं उतरताना दिसलं. आठवड्यातून पाच दिवस पंचवीस-पंचवीस मिनिटं धरली की दोन्ही हिशेब बसतात.

बंडीवाला

बाप्पा, हे समदं खरं हाय. पन डवरनी चालू असली का कोन बसते झाडाखाली? बायाईले त पानी भरन्यापासून सुट्टी नाई. सकायी वीस मिनटं बसून रायलं त सासू म्हनन, इले काम नाई का? जे काम हाय त्याच्यातच हे कसं बसवाव ते सांगा. नाई त हे पेन्शनवाल्याईचं काम हाय.

रानहळद

बरोबर विचारलं भाऊ. कामात बसवता येतं, पण कोणत्याही कामात नाही. डवरताना बैलावर आणि पिकावर दोन्हीकडे लक्ष लागतं, तिथं नको. फवारणीत तर अजिबात नको.

ओलित करताना चांगलं जमतं. एक सरी भरायला जो वेळ लागतो तो थांबण्याचाच असतो, आणि तेव्हाच आपण मोबाइल काढतो. मोबाइल वावरातल्या खोपडीत ठेवा आणि पाण्याचं तोंड बघा. कोरड्या मातीत पाणी शिरताना आधी फेस येतो, बारीक भेगांतून बुडबुडे निघतात, किडे वर येतात आणि बगळे मागे मागे चालतात. तीन सऱ्या भरेपर्यंत पंधरा मिनिटं होतात. फक्त रात्रपाळीच्या विजेच्या लाइनीत हे करू नका. झोप मोडलेली, अंधार आणि साप, तिन्ही एकत्र येतात.

कापसाच्या वेचणीत पहिलं तास (ओळ) गप्प राहून वेचायचं. दव उडाल्यावर सुरुवात करतोच आपण. बोंडाच्या पाकळीचं वाळलं टोक बोटाला लागतं, कापूस पूर्ण उमलला असेल तर एका ओढीत सुटतो, अर्धवट असेल तर चिकटून राहतो. त्या बोटांकडेच लक्ष ठेवायचं. दुसऱ्या तासापासून खुशाल गप्पा मारा, त्याही औषधच आहेत.

सांबारकाडी

बायांच्या अडचणीवर थोडं. एकटी बाई झाडाखाली नुसती बसली तर संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा होते, हे नाकारून उपयोग नाही. हातात टोपली असली की कोणी विचारत नाही. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पानं, पुढे पातूर, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी खुडायला जाणं हे सगळ्यांना मान्य असतं. खुडणं हळू करा. तरोट्याची वरची दोन-तीन जोड्यांची कोवळी पानंच घ्यायची, त्यामुळे लक्ष आपोआप बोटांवर राहतं. कोणाच्या धुऱ्यावर तणनाशक मारलंय ते आधी विचारून घ्या. पिवळं पडत चाललेलं किंवा टोकाला जळलेलं गवत दिसलं तर तिथली भाजी नको.

दोघी मिळून गेलात तर उत्तम. जाताना बोला, तिथं वीसेक पावलांवर वेगळ्या बसा, येताना बोला. कुठं आणि कधी परतणार ते एका माणसाला सांगून निघा.

घराबाहेर पडूच दिलं जात नसेल तर कोठ्याजवळ किंवा ओसरीसमोर पसरट मातीचं भांडं ठेवा. पाणी दोन बोटं खोल, मधे एक दगड, जवळ झुडूप, म्हणजे पाखरांना मांजरापासून आडोसा. पाणी रोज बदला, नाही तर डास होतात. पाखरं पहिल्याच दिवशी येतील असं धरू नका. भांड्याची जागा बदलत राहिलात तर येतच नाहीत. आणि बाहेर न पडू देणं, मारहाण, पैसे काढून घेणं असं चालू असेल तर त्याचा इलाज पाखरं बघणं नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते.

टिटवी

धोक्यांचं कोणी लिहीत नाही म्हणून सविस्तर लिहितो. शहरातल्या लेखांत "गवतावर अनवाणी चाला" असतं. ते आपल्याकडे ऑगस्ट ते नोव्हेंबर सरळ विसरा. या दिवसांत झुडपी गवतात चिगर नावाच्या बारीक किड्यांची पिल्लं असतात, डोळ्यांना जवळपास न दिसणारी. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. चाव्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी आणि काखेत, कमरेला किंवा जांघेत काळी खपली, सिगारेटचा चटका दिल्यासारखी. ती दुखत नाही म्हणून लक्षातच येत नाही. ताप आला तर डॉक्टरांना "रानात बसत होतो" हे आपणहून सांगा आणि खपली शोधा. वेळेवर कळलं तर डॉक्सिसायक्लिननं बरा होतो. बसायला जाड अंथरूण, पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला. घरी आल्यावर आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात.

ऊन. मार्च संपला की सकाळी साडेपाच ते आठ एवढीच वेळ. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) २५ मेच्या आसपास लागतो, तेव्हा आठही उशीर होतो. संध्याकाळी सहाला जाणं बरं वाटतं, पण दगड आणि माती तोवर भट्टीच असतात.

वीज. मे-जूनचे वळवाचे पाऊस आणि परतीचा पाऊस, हे दोन मोसम धोक्याचे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. झाड सोडा, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, निघण्यापूर्वी बघून घ्या.

फवारणी. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारे चालू असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते याच हंगामात. वास आला की वाऱ्याला आडवं चालत फवाऱ्यापासून लांब जा. शंका असेल तर त्या दिवशी घरीच बसा.

साप. घोणस हिवाळ्यात दिवसाही उन्हाला पडलेली असते आणि पाचोळ्यात दिसत नाही. बसण्याआधी काठीनं जागा झटकून घ्या. चावला तर चिरा, दोरी, मांत्रिक काही नाही. अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखाना.

झाडावर आग्या मोहोळ असेल तर ते झाड त्या वर्षापुरतं सोडून द्या. अत्तर आणि धूर दोन्ही नको. माशा उठल्या तर हात न हलवता तोंड झाकून बंद घराकडे पळा.

झाडीपट्टी

टिटवी यांच्या यादीत वाघ राहिला. ताडोबा, ब्रह्मपुरी, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला, टिपेश्वर, मेळघाट यांच्या आजूबाजूच्या गावांना वरची "एकटं, स्थिर, गप्प बसा" ही कृती जशीच्या तशी लागू होत नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस उंचीनं लहान दिसतो, वाघाला सावज वाटू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचताना हल्ले होतात त्यात हेही एक कारण आहे. या पट्ट्यात जंगलाच्या आत बसूच नका. गावाला लागून असलेली तलावाची पाळ किंवा शाळेमागची आमराई निवडा. ऊन पूर्ण वर आल्यावर जा, मावळतीच्या आधी परत या, दोघं-तिघं जा आणि एकानं उभं राहून लक्ष ठेवा. वन विभागानं हालचालीची सूचना दिली असेल त्या आठवड्यात अंगणातलंच झाड बरं.

नवा_सदस्य_खारी

शांत बसलं की बरं वाटण्याऐवजी रडू येतं, छातीत धडधडतं. अशा वेळी बसणं सोडून द्यावं का?

दवाखाना_रोड

रडू येणं वाईट नाही. दिवसभर दाबून ठेवलेलं मोकळी जागा मिळताच वर येतं. पाच-दहा मिनिटांत ओसरत असेल तर येऊ द्या. पण धडधड वाढत जात असेल, जुना प्रसंग डोळ्यासमोर जसाच्या तसा उभा राहत असेल, तर डोळे मिटून बसणं तुमच्यासाठी नाही. चाला. डोळे उघडे, पाऊल टेकतं ते जाणवू द्या, दिसेल त्याचं नाव घ्या: बाभूळ, बोर, हिवर, परत बाभूळ. तोंडावर गार पाणी मारा. पुढच्या वेळी वीसऐवजी पाच मिनिटं.

आता गोळ्यांबद्दल, कारण हे कुठंच सांगत नाहीत. लिथियम चालू असेल तर घाम आणि कमी पाणी यांनी रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं सुरू झालं की लगेच दवाखाना. ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा ॲमिट्रिप्टिलिननं घाम कमी येतो, म्हणून अंग तापतं आणि उष्माघात लवकर होतो. उन्हाळ्यात अशांनी पहाटेच जावं, पाणी बरोबर ठेवावं. आणि रानात बरं वाटायला लागलं म्हणून गोळी मनानं बंद करू नये.

दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, असं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानसचा क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्पाचं समुपदेशन १०४ वर मिळतं. घरात कोणी "आता जगण्यात काय आहे" असं बोलत असेल तर विचारायला घाबरू नका, विचारल्यानं ते मनात भरत नाही. आणि त्याच दिवशी फवारणीचे डबे घरातून हलवा. पेटीत, कुलपात, किल्ली घराबाहेरच्या माणसाकडे. आवेग बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो, तेवढा वेळ विष हाताशी नसणं हाच बचाव.

तुरीची_शेंग

कृतज्ञतेची वही. याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. "मला चांगलं कुटुंब लाभलं" असं रोज लिहायला लावणं हा छळ आहे, विशेषतः ज्याला त्याच कुटुंबानं पिळलंय त्याला. आभार मानायची सक्ती झाली की माणूस अन्याय गिळायला शिकतो. म्हणून वहीत माणसं सुरुवातीला आणूच नका. पाणी, सावली, पाखरू, ढोर एवढ्यावर राहा.

लिहायचं ते नेमकं. "निसर्गाबद्दल आभारी आहे" यात काहीच नाही. "आज बोरीखाली पडलेली बोरं कोणी उचलली नव्हती, पाच खाल्ली, दोन आंबट" यात सगळं आहे. आठवड्यातून एकदा पुरे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या लेखात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज केलं की ते हजेरी लावल्यासारखं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहू नका, घरात सगळे वाचतात आणि मग टोमणे सुरू. फवारणीच्या किंवा खताच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहा, ती वही कोणी उघडत नाही.

बंडीवाला

वही-गिही आमच्यानं होत नाई बा. आमाले पोया पुरते.

तुरीची_शेंग

भाऊ, पोळा तर या वहीच्या कितीतरी पुढे आहे. आदल्या संध्याकाळची खांदशेकणी बघा. बैलाचे सरसकट आभार नाही मानत आपण. जुवाखाली घासून घट्टे पडलेला तेवढाच खांदा धरतो, त्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळतो, शेकतो आणि म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ज्या जागेनं ओझं वाहिलं तिला नेमका हात लावायचा. वर्षातून एकदा करतो ते आठवड्याला एकदा करा, न लिहिता. ढोरं धुताना घाई न करता एकाच्या मानेवरून हात फिरवा, गोचीड काढा. पाच मिनिटं. ट्रॅक्टरवाल्यांनी विहिरीजवळच्या झाडाला दोन बादल्या पाणी घाला, बुडाशी नाही, फांद्यांच्या सावलीच्या कडेला, खालची बारीक मुळं तिकडे असतात.

पांदणवाट

एक मुद्दा राहतोय, परतण्याचा. रानातून आलं आणि उंबऱ्यातच कोणी विषय काढला की सगळं उतरतं. म्हणून परतायची वेळ घरातल्या गडबडीच्या अर्धा तास आधीची ठेवा, जेवणाच्या वेळेला धडकू नका. हातपाय धुवा, चहा घ्या, आणि कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट तासभर उघडू नका. वकील, तलाठी, बँक यांची कामं वेगळ्या दिवसाला बांधा. बसण्याच्या वेळेत "आता पुढं काय करायचं" याचा निर्णय घेऊ नये. निर्णय घ्यायचेच असतील तर कागद-पेन घेऊन घरात, दिवसाउजेडी, कोणाला तरी समोर बसवून.

बंडीवाला

बरं, एक शेवटचं. बसाले काय न्याव? घरी खताचे रिकामे पोते लय पडले हायेत.

टिटवी

युरियाचं चालेल, उलटं करून धुवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. बियाण्याच्या थैलीला औषध लावलेलं असतं, ती नको. पोत्याच्या आत जुनी गोधडी दुमडून घाला, खडा टोचत नाही आणि ओल वर येत नाही. उठताना झटकून घ्या आणि झाडावर टांगून ठेवू नका, विंचू जाऊन बसतो.